मॅग्नेटोला शेक

आमच्याकडे एकेकाळी विमान होतं, हे मी हल्ली कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे मुलांच्या खेळण्यातलं ना?" खेळण्यातलं नव्हतं. पाच माणसं बसतील असं, अख्खं पत्र्याचं, नाकाडात सात सिलिंडरचं गोल इंजिन असलेलं खरं विमान होतं. ते मीरा रोडला पेणकरपाड्यातल्या एका वाडीत, केळी आणि शेवग्याच्या मधे उभं असायचं. पंख तेवढे काढून भिंतीला टेकवून ठेवले होते, हे कबूल करते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बाबा मुंबईतल्या एका लहानशा विमानतळावर इंजिनदुरुस्तीच्या कामाला होते. परवाना असलेले इंजिनिअर, मिस्त्री नव्हे. मिस्त्री म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. अठ्ठावन्न पूर्ण झाली, हारतुरे झाले आणि आम्ही परळची खोली सोडून मीरा रोडला ब्लॉकमध्ये राहायला आलो. मी तेव्हा चोवीस वर्षांची, जवळच्याच एका शाळेत शिकवत होते. आईला वाटलं, आता हा माणूस घरी बसेल, भाजी आणेल, टँकर आला की बादल्या भरेल. मलाही तसंच वाटलं. इतकी वर्षं त्यांना ओळखूनही आम्हा दोघींना तसं वाटलं, ही आमचीच कमाल म्हणायची.

झालं असं, की ज्या शेठचं हे विमान होतं त्यांना विमानतळावरची शेड रिकामी करून द्यायची होती. विमान बारा वर्षं तिथे धूळ खात पडलं होतं. शेठ भंगारवाल्याला बोलावणार होते. बाबांना ते कुणाकडून तरी कळलं. तडक शेठकडे जाऊन ते म्हणाले, "भंगारात देण्यापेक्षा मला द्या." शेठ म्हणाले, "घेऊन जा, पण कुठे न्यायचं ते तू बघ." बाबांनी आधी हो म्हटलं आणि मग घरी येऊन विचारलं, "आपल्या इकडे मोकळी जागा कुणाकडे आहे गं?"

"कशाला?" आईने विचारलं. उत्तर ऐकल्यावर ती आत गेली आणि घासलेली भांडी परत घासायला काढली. टँकरच्या पाण्याचे दिवस होते ते, यावरून काय ते समजा.

बाबांना ते विमान का हवं होतं ते इथेच सांगते, नाहीतर ते नुसतेच चक्रम वाटतील. बारा वर्षांपूर्वी शेठना घेऊन हे विमान उतरत असताना इंजिन हवेतच बंद पडलं. वैमानिक म्हणजे आमच्या घरात ज्यांना नुसतं 'कॅप्टनसाहेब' म्हटलं जायचं ते गृहस्थ. माणूस कसबी. बंद इंजिनाचं विमान त्यांनी तरंगत आणून धावपट्टीशेजारच्या गवतात अलगद टेकवलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण अहवालात त्यांनी लिहिलं की मॅग्नेटो बिघडले होते आणि ते दुरुस्तीतल्या हलगर्जीपणामुळे. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारे दोन डबे. आदल्याच दिवशी बाबांनी ते तपासून, झाकणांना तार पिळून, वर शिशाचं सील मारलं होतं. कागदावर सहीही त्यांचीच होती.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. त्या विमानाला पेट्रोलच्या दोन टाक्या, एक उजव्या पंखात आणि एक डाव्या. एक संपत आली की कॉक फिरवून दुसरी चालू करायची. बाबा सगळ्यांच्या आधी धावत विमानापाशी पोचले तेव्हा उजवी टाकी कोरडी ठणठणीत होती आणि कॉक उजवीकडेच होता. कॅप्टनसाहेब तो फिरवायला विसरले होते. बाबा शेठना हात देऊन उतरवायला वळले आणि परत येऊन बघतात तर कॉक डावीकडे. आता काय बोलणार? तिकडे कॅप्टन, इकडे ग्रीस लागलेल्या हातांचा माणूस. बाबांना लेखी समज मिळाली. शेठच्या घरच्यांनी त्या विमानात पुन्हा पाय ठेवला नाही, ते शेडमध्ये गेलं ते गेलंच.

कॉकची गोष्ट बाबांनी आईला आणि पुढे मला सांगितली, बाहेर चकार शब्द काढला नाही. पण पोटात ते बारा वर्षं खदखदत होतं. आमटीत मीठ जास्त झालं आणि आई म्हणाली, "चुकून दोनदा पडलं वाटतं," की बाबा ताट बाजूला ठेवून म्हणायचे, "बघा! कबूल केलं की नाही? किती वेळ लागला? पाच सेकंद!" आमच्या घरात चूक कबूल करायची चोरी झाली होती, कारण केली की त्यावर भाषण व्हायचं.

तेव्हा बेत असा होता. इंजिनाचं बाकी सगळं साफ करायचं, पण मॅग्नेटोचं सील तोडायचं नाही. त्याच डब्यांवर, त्याच सीलसकट, इंजिन कॅप्टनसाहेबांच्या देखत चालू करून दाखवायचं.

"मॅग्नेटो बिघडले असते तर इंजिन चालू होईल का?" बाबांनी मला विचारलं.

"नाही. पण बारा वर्षं दमट हवेत पडून ते खरंच बिघडले असले तर?"

"मी मारलेलं सील आहे ते," बाबा म्हणाले. दमट हवेने त्यांची सही वाचून मागे फिरावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मला त्यांचा रागच आला. बारा वर्षं जे गप्प बसून गिळलं, ते आता निवृत्तीनंतर पेणकरपाड्यात चार लोकांत मांडून, नाही जमलं तर शोभा कुणाची? पण ते ऐकतील तर ना.

विमान ट्रकवरून आलं. जकात नाक्यावर कारकुनाने पावती फाडायला वही काढली आणि ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या. त्याच्या वहीत धान्य होतं, कापड होतं, यंत्रसामग्री होती, गुरं होती, विमान नव्हतं. शेवटी त्याने 'इतर' या रकान्यात आम्हाला बसवलं. बाबांना ते फार लागलं. "इतर!" ते घरी येईपर्यंत म्हणत होते. "म्हशीला स्वतंत्र रकाना आणि हे इतर!"

जागा दिली ती पेणकरपाड्यातल्या जुन्या वस्तीतल्या एका काकांनी. शेती बिल्डरांना देऊन टाकलेली, घराशेजारची वाडी तेवढी राखलेली. बाबा विचारायला गेले तेव्हा मी बरोबर होते.

"काका, एक विमान ठेवायचं होतं."

काकांना त्याचं काही वाटलं नाही. बिडी विझवून त्यांनी विचारलं, "उरनारा हाय का न्हाय?"

"नाही, आता नाही उडायचं. पंख काढलेत."

"मंग ठेवा. उरनारा असता त न्हाय ठेवू दिला असता. कोंबऱ्या बिचकतान."

कोंबड्या बिचकल्या नाहीत. त्यांनी पंधरवड्यात मागची सीट ताब्यात घेतली. चामड्याची, तीन जणांची ऐसपैस सीट होती ती, शेठच्या बायकोने रंग निवडलेला. बाबा रोज सकाळी आधी कोंबड्या उठवायचे, अंडी काकूंना नेऊन द्यायचे आणि मग पाने हातात घ्यायचे. काकू त्यांना "इमानवाले" म्हणायच्या आणि त्यांच्यासाठी काळा चहा ठेवायच्या.

मला इंजिनांतलं काही कळत नाही, पण हे इंजिन बघण्यासारखं होतं. मोटारीचं कसं रांगेत असतं, तसं नाही. सात जण परातीभोवती जेवायला बसावेत तसे सात सिलिंडर गोल मांडलेले, मधोमध दांडा आणि त्यावर पंखा. युद्ध संपल्यावर अमेरिकेत अशी गोल नाकाची विमानं निघाली, हौशी पैसेवाल्यांसाठी आणि कंपनीच्या साहेबांसाठी. एकाच घरातली दोन भावंडं होती म्हणे, सांगाडा तोच, इंजिन फक्त वेगळं. थोरल्या-धाकट्याचं पुढे काय झालं, कोण कुठल्या देशात गेलं, कुणाला पाण्यावर उतरायचे तराफे लावले, हे सगळं बाबांना पाठ होतं. मला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुमच्या घराण्याबद्दल सांगा थोडं." बाबांनी पाऊण तास सांगितलं. आमचं मूळ गाव राजापूरकडचं, हे त्यात कुठेच आलं नाही. त्या लोकांकडून पुढे काही कळलं नाही, आणि पोह्यांचे कष्ट गेले ते गेलेच.

सुटे भाग आणायचं काम माझ्याकडे होतं, कारण शाळा सुटली की मला भाईंदरला जाणं सोपं पडायचं. केबिन रोडवर मोटारीच्या सामानाचं एक दुकान होतं. मी रबरी नळीचा तुकडा नमुन्याला नेला. दुकानदार गुजराती, गल्ल्यावरून उठायचा नाही.

"गाडी कौनसी है, बेन?"

"पुरानी है. पाँच सीटवाली."

"मॅटाडोर?"

"नाही हो. सात सिलिंडरवाली."

त्याने चष्मा कपाळावर घेतला. "सात सिलिंडर की कोई गाडी नहीं होती. चार होती है, छे होती है. किसीने आपको बनाया है."

मला बनवलं होतं हे खरंच होतं, पण ते बाबांनी. मी म्हटलं, "विमान आहे." तो गल्ल्यावरून उठला आणि त्याने आतून बाकडं आणून मला बसायला दिलं, पाणी दिलं. पुढच्या रविवारी तो बायकामुलांना घेऊन स्कूटरवरून विमान बघायला आला. बाबांनी त्यालाही पाती ओढायला लावली.

हा एक बाबांचा नेम होता. गोल इंजिनाचे खालचे सिलिंडर उलटे लटकलेले असतात, त्यामुळे उभ्या उभ्या त्यांत तेल उतरतं. तसंच इंजिन चालू केलं तर ते तेल अडून आतला दांडा वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने फिरवायचा, पाती मोजत. बाबांचा आकडा बारा. जो कोणी विमान बघायला येईल त्याने आधी स्विच बंद आहेत का ते बाबांना विचारायचं, बाबांनी "बंद" म्हणायचं, मग बारा पाती ओढायची आणि मगच काय ते प्रश्न. त्या चार महिन्यांत आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी, दूधवाला, केबलवाला, माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळ्यांनी बारा-बारा पाती ओढली. मुख्याध्यापिकाबाईंनी सोळा ओढली, त्यांना मोजायचं भान राहिलं नाही. आणि तेल? ते गळायचंच. खाली ठेवलेल्या पातेल्यात टपटप पडायचं. ते पातेलं आईचं होतं, हे आईला दिवाळीच्या फराळाला मोठं पातेलं शोधताना कळलं.

सप्टेंबरात बाबा म्हणाले, "आता पत्र लिहू या." पत्र मी लिहायचं, मजकूर त्यांनी सांगायचा. पहिला मसुदा चार पानी झाला आणि त्यात 'कॉक' हा शब्द अकरा वेळा होता. दुसरा तीन पानी. आई म्हणाली, "भांडायला बोलावताय की चहाला, ते आधी ठरवा." सहाव्या मसुद्यात एवढंच उरलं: 'साहेब, आपलं विमान माझ्याकडे आहे. दसऱ्याला सकाळी दहा वाजता इंजिन चालू करणार आहे. आपण यावं.' आठवड्याने कार्ड आलं. 'येतो. चहा बिनसाखरेचा.' बाबांनी ते कार्ड दिवसातून चार वेळा वाचलं. त्यात वाचण्यासारखं जे काही होतं ते पहिल्या वेळेतच संपत होतं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. सुतार करवतीची करतो, आमच्या शाळेत खडूफळ्याची. तेव्हा विमानाची पूजा झालीच पाहिजे असं बिल्डिंगमधल्या बायकांनी परस्पर ठरवलं. मी शाळेत, बाबा पेट्रोल आणायला गेलेले. अकरा बायका ताटं घेऊन वाडीत पोचल्या. आई त्यांत पुढे होती, हे नंतर तिने बराच काळ नाकारलं. पंख्याला झेंडूची माळ घातली, सात सिलिंडरांना सात हळदीकुंकवाची बोटं लावली, पात्यापुढच्या दगडावर नारळ फोडला. एवढ्यावर थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण इंजिनाच्या खाली हवा आत घ्यायला एक तोंड असतं, चांगलं वीतभर रुंद. देव म्हटलं की तोंड आलं आणि तोंड म्हटलं की नैवेद्य. प्रत्येकीने त्यात चिमूटभर अक्षता टाकल्या. एकीने पेढा ठेवला.

दुपारी मी शाळेतून वाडीत पोचले तेवढ्यात बाबाही आले, त्यांनी त्या तोंडात बोट घातलं आणि बोटाला पेढा लागला.

"कुणी भरवलं याला?"

आई म्हणाली, "मी फक्त अक्षता टाकल्या. पेढा माझा नाही."

"बघा, कबूल केलं," असं बाबा या वेळी म्हणाले नाहीत, यावरून ते किती घाबरले होते ते मला कळलं. त्यांनी खालचा सगळा भाग खोलला. संपूर्ण दुपार आणि संध्याकाळ मी आणि आई जाळीतून भुवया उपटायच्या चिमट्याने तांदूळ काढत बसलो होतो. आई दाणे मोजत होती. मी म्हटलं, "मोजून काय करतेस? टाकताना मोजले होतेस का?" ती म्हणाली, "चूप बस, एकशे चाळीस." बाबा बाजूला उकिडवे बसून कंदिलाच्या काचेसारखी ती जाळी पुन्हा पुन्हा पुसत होते. मग आईने मोजणं थांबवलं आणि त्यांच्या हातातून फडकं घेऊन स्वतः पुसायला लागली.

दसऱ्याला सकाळी नऊपासूनच गर्दी. विमानाची शेपटी जाड दोराने चिंचेला बांधली होती, चाकांपुढे आमचा पाटा आणि काकांच्या घरचा पाटा. पंखांतल्या टाक्या पंखांबरोबर भिंतीला टेकलेल्या, म्हणून पेट्रोलचा कॅन वर टांगून नळी सोडलेली. मी वाळूची बादली घेऊन शेपटीकडे उभी, आग लागली तर विझवायला. वाळू चाळलेली होती, कारण ती शेजारच्या बांधकामावरची होती.

कॅप्टनसाहेब दहाला पाच कमी असताना रिक्षाने आले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मनात ते मोठे धिप्पाड होते. रिक्षातून उतरला तो एक बारकासा, पांढऱ्या कडक शर्टातला म्हातारा. वाडीच्या दारातच थांबून विमानाकडे बघत राहिला. मग बाबांना म्हणाला, "अरे, तू अजून तसाच आहेस."

"या साहेब," बाबा म्हणाले. बारा वर्षांत घोटलेल्या भाषणापैकी एवढंच बाहेर आलं.

"स्विच?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

"बंद."

आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडून, न सांगता, बारा पाती ओढली. शेवटच्या तीनला त्यांना धाप लागली, पण कुणाला हात लावू दिला नाही. मग ते कॉकपिटच्या दाराकडे वळले, तेव्हा बाबा आडवे आले. "नाही साहेब. आज मी बसतो."

बाबा आत बसले. स्टार्टर कण्हला, पंखा तीन-चार वेळा फिरला, एक खोकला आला आणि गप्प. परत. परत गप्प. पाचव्या वेळी स्टार्टरचाच आवाज बसला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "धक्का मारू या का?" काका म्हणाले, "आरं, तो टेम्पो हाय का धक्का मारायला?" आणि गल्लीतल्या टेम्पोची बॅटरी काढून आणायला मुलाला पिटाळलं.

कॅप्टनसाहेब खिडकीपाशी गेले. "मॅग्नेटो दमट झालेत. उघड आणि साफ कर. दहा मिनिटांचं काम आहे."

"उघडणार नाही."

"वेडा आहेस का तू?"

"सील माझं आहे, साहेब," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "अहवालात मॅग्नेटो लिहिले होते."

एवढ्या गर्दीत त्याचा अर्थ आम्हा तिघांना आणि कॅप्टनसाहेबांनाच कळला. ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. बाबा आत ताठ बसून समोर बघत होते आणि त्यांचा चेहरा असा उतरला होता, की माझा राग कुठल्या कुठे गेला. सुरू हो ना रे, असं मी त्या इंजिनाला मनातल्या मनात म्हणत होते. आयुष्यात कुठल्या देवाला इतकं कळवळून काही मागितलं नव्हतं.

पंधरावीस मिनिटं अशीच गेली आणि आई घरून लगबगीने येताना दिसली. मधेच कधी निघून गेली होती ते कळलंच नव्हतं. तिच्या एका हातात आमची कान शेकायची रबरी पिशवी, दुसऱ्या हातात शेजारणीची. दोन्ही गरम पाण्याने टम्म.

"कुठे दमट झालंय ते दाखवा," ती कॅप्टनसाहेबांना म्हणाली. "कान ठणकला म्हणून कुणी डोकं उघडतं का? शेक देतात."

कॅप्टनसाहेबांनी मुकाट्याने दोन डबे दाखवले. आईने पिशव्या फडक्यात गुंडाळून त्यांच्यावर लावल्या, वरून जुनी पातळं घट्ट बांधली आणि बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर यावं तशा सुरात सगळ्यांना सांगितलं, "अर्धा तास कुणी हात लावायचा नाही." एवढ्या वेळात सगळ्यांचा चहा झाला. पाणी निवलं की काकू चुलीवरचं नवं द्यायच्या, आई पिशवी बदलायची, मनगटाने डबा चाचपून बघायची. कॅप्टनसाहेब बिनसाखरेचा चहा घेत चिंचेखाली खुर्चीवर बसले होते. ते आईकडेच बघत होते.

टेम्पोची बॅटरी लावली. आईने पातळं सोडली, सीलकडे एकदा निरखून पाहिलं आणि "हं" म्हणाली.

स्टार्टर फिरला. एक सिलिंडर बोलला. मग काहीच नाही, मग दोन, मग धाडकन निळ्या-पांढऱ्या धुराचा एवढा लोट आला की मी वाळूची बादली उचलून धावले आणि काकांच्या अंगावर रिकामी केली. धुरातून तो आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. मोटारीसारखा सरळ नाही, गडगड गडगड असा, पोटात उतरणारा. सातही जण जेवायला बसले होते. झेंडूची माळ, रात्रीच्या गरब्याच्या मंडपाचं एक अख्खं कापड, दुसऱ्या मजल्यावरचे वाळत घातलेले लेंगे, काकूंची सूप-परडी, सगळं शेवग्यापलीकडे गेलं. कोंबड्या उडाल्या. बायका कानावर हात ठेवून हसत होत्या. आईने डोळ्याला पदर लावला होता आणि धुराने पाणी येतंय असं दाखवत होती. मला तर रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू.

कॅप्टनसाहेब उठले. वाऱ्याने शर्ट फुगलेला, एका हाताने विमानाचं अंग चाचपत ते मागच्या बाजूने खिडकीपाशी गेले आणि बाबांच्या चेहऱ्याजवळ तोंड नेऊन बोलायला लागले. बराच वेळ बोलत होते. मी चार पावलांवर होते, एक शब्द ऐकू आला नाही. फक्त ओठ हलताना दिसत होते, आणि एकदा त्यांनी हाताने काहीतरी डावीकडे फिरवल्यासारखं केलं. इंजिन बंद करायची दांडी बाबांच्या हातातच होती. बोटं तिच्यावर होती, मला दिसत होती. ओढली असती तर पुढच्या क्षणाला शांतता झाली असती आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते अख्ख्या पेणकरपाड्याला ऐकू गेलं असतं. बाबांनी ती ओढली नाही. कॅप्टनसाहेबांचं बोलून होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग मान हलवली. ते खिडकीपासून दूर झाल्यावरच इंजिन बंद केलं.

"ऐकलंस ना?" शांततेत कॅप्टनसाहेबांनी मोठ्याने विचारलं.

"हो साहेब," बाबा म्हणाले.

कॅप्टनसाहेबांनी त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, आईला नमस्कार केला आणि रिक्षात बसून गेले.

दुपारी श्रीखंड वाढताना आईला राहवेना. "काय म्हणाले हो ते?"

"कुणास ठाऊक. एवढ्या आवाजात काय कप्पाळ ऐकू येणार?"

आईचा हात तसाच राहिला. "अहो, मग हो कशाला म्हणालात? परत विचारायचं होतं!"

बाबांनी पुरीचा तुकडा मोडला. "एकदा सांगायला त्यांना बारा वर्षं लागली," ते म्हणाले. "परत सांगायला लावू?"